देवाचा घाणा

लटारू आचाऱ्याला दोन माणसांचा स्वयंपाक येत नव्हता. दोनशे माणसांचा यायचा.

पोंभुर्ण्याच्या पलीकडं, शेतं संपून सागाचं रान लागतं तिथल्या पाच-सहा गावांत कुणाचं लग्न असो, तेरवी असो, भट्टी खणायची ती लटारूभाऊंना विचारूनच. मीठ मुठीनं, तिखट ओंजळीनं, हळद डोळ्यानं. आणि चाखायचं मात्र नाही. पोरवयात ज्याच्या हाताखाली कांदे चिरले, त्या पत्रूबुवानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "देवाच्या आधी ज्याच्या जिभेले चव लागली, तो आचारी नाई, चोर हाय." तेव्हापासून लटारूभाऊ फक्त वाफ हुंगायचे. डोळे मिटून, नाक कढईकडं नेऊन. "मीठ टाका अजून," म्हणायचे, आणि ते बरोबर असायचं.

वड्यांचा पहिला घाणा देवाचा. त्यातला एक वडा भट्टीतल्या विस्तवाला, बाकीचे पळसाच्या पानाखाली झाकून नैवेद्याला. नैवेद्य होईपर्यंत कुणी तोंड घालायचं नाही, मग तो नवरदेवाचा मामा का असेना. मामा ऐकायचे. पोट्टी ऐकायची नाहीत. बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या डाळीचा वडा तेलात पडला की गावातली झाडून सगळी पोट्टी भट्टीभोवती गोळा व्हायची आणि लटारूभाऊ झारा उगारून उठायचे, "पळा! देवाचा घाणा हाय! हात लावाल तं हात तळून काढीन!" लटारूभाऊंच्या वड्यांइतकाच त्यांचा झाराही प्रसिद्ध होता.

आता लग्नांना तालुक्याहून केटरिंगवाले येतात. डोक्यावर कागदी टोप्या, हातात प्लास्टिकचे मोजे. लटारूभाऊंच्या वाट्याला तेरव्या उरल्या, आणि धान निघालं की खळ्यावरची रास. बाकी दिवस ते घरीच. घरच्या चुलीपाशी मात्र बायको, सुगंधाबाई, त्यांना फिरकू देत नसे. एकदा ती तापानं फणफणली असताना त्यांनी वरण केलं होतं. ते वरण पूर्ण गल्लीनं खाल्लं, तरी उरलं.

तर अशा माणसावर म्हातारपणी एका सहा वर्षांच्या पोरीला भाजी खाऊ घालायची पाळी आली.

पोरगी म्हणजे नात, दिव्यानी. पहिलीत. हातपाय काटक्या, डोळे मोठे. भातावर नुसतं मीठ घालून दोन घास खायची आणि उठायची. भाजीचा हिरवा कण दिसला तर तो बोटाच्या चिमटीत धरून ताटाबाहेर ठेवायची, जणू खडाच निघालाय. तिचं खरं जेवण म्हणजे दुकानातली कुरकुरीत पुडी. ती पुडी आणून देणारा कोण? लटारूभाऊच. मागल्या साली मुलगा गोपाल आणि सून चंचल मिरची तोडायला तेलंगणात गेले, तेव्हा पोरगी रडायला लागली की आजोबा उठून दुकान गाठायचे. आईबाप परत आले तेव्हा पोरगी होती त्याहून वाळली होती. शाळेत तपासणीला आलेल्या नर्सबाईंनी तिची पापणी खाली ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "रक्त कमी आहे हिचं. पालेभाज्या द्या."

दिवाळी झाली. धान कापणीला आलं. मिरचीवाल्या मुकादमाचा फोन येऊन गेला. त्या संध्याकाळी चंचल भांडी घासता घासता सासऱ्यांना म्हणाली,

"मामाजी, यंदा मी पोरीले संगं नेतो."

लटारूभाऊ बिडी पेटवत होते. काडी तशीच विझली.

"अन् शाळा?"

"शाळा होईल पुढच्या साली."

"तिथी तं तुम्ही पालात राहता. दिवसभर मिरचीत. पोरगी काय करन?"

"बांधावर बसन. खोकलन, शिंकन, पन माह्या डोळ्यासमोर राहीन." चंचलनं परात आपटली. "इथी राहून काय खाते? पुडी! मागच्या साली मी इथी ठेवून गेलती, काय मिळालं मले? हाडं."

सुगंधाबाई आतून म्हणाली, "आमी का उपाशी ठेवलं का वो तिले?"

"तसं नाई म्हणत, मामीजी. पन ते खात नाई ना तुमच्या हातचं."

गोपाल भिंतीला टेकून बसला होता. बायको आणि आईबाप यांच्यामध्ये असला विषय निघाला की त्याला मोबाईलमध्ये काहीतरी महत्त्वाचं दिसायचं.

"संक्रांतीपर्यंत थांब," लटारूभाऊ म्हणाले. "पोरगी भाजी खाले लागली तं इथी राहीन. नाई लागली तं ने."

"कोन खाऊ घालन?"

"मी."

चंचलच्या तोंडावर हसू आलं, पण सासऱ्यासमोर ते तिनं परातीत दडवलं. सुगंधाबाईनं दडवलं नाही. "आता झालं! दोनशे मानसं जेवाले बोलवा!"

दुसऱ्या दिवशी घरातली सगळी माणसं कापणीला गेली तेव्हा लटारूभाऊंनी अंगणातल्या मुनग्याचा, म्हणजे शेवग्याचा, पाला ओरबाडला, बरबटीची डाळ पाट्यावर वाटली, त्यात पाला, कोथिंबीर, कांदा घातला आणि सवयीनं मूठभर मीठ टाकलं. मूठ दोनशे माणसांची, डाळ वाटीभर. दिव्यानी शाळेतून आली. एक घास घेतला, थुंकला, आणि रांजणापाशी पळाली.

"आबाजी, हे समुद्र हाय!"

"तुले समुद्र कुठी मालूम?"

"बाईनं सांगतलं. खारट रायते म्हणे."

मग मीठ चिमटीवर आलं. लटारूभाऊंच्या बोटांना चिमूट धरायची सवय नव्हती, सुई ओवल्यासारखे ते मीठ टाकायचे. वडे बरे झाले. आता खाऊ घालायचं. त्यात तर त्यांचा हात कोण धरणार? आयुष्यभर पंगती वाढलेल्या. पाट मांडला, पान मांडलं, पोरीला बसवलं आणि समोर उकिडवे बसून आग्रह सुरू केला.

"घे माय, एक घे. अजून एक. माह्यासाठी एक. तुह्या बाबासाठी एक. असा गरम वडा राजाले भेटत नाई!"

दिव्यानी निमूटपणे मान हलवायची. लटारूभाऊ पाणी आणायला वळायचे आणि परत येईपर्यंत पान रिकामं. आठवडाभर असं चाललं. लटारूभाऊ पारावर सांगत सुटले, "अरे, आचाऱ्याच्या घरचं पोर ते! खाईल नाई तं काय?"

एका सकाळी सुगंधाबाईनं कोंबड्यांचं टोपलं उचललं आणि तिथूनच हाक मारली.

"आयकलं का जी? इकडं या. तुमची पंगत पाहा."

टोपल्याखाली वड्यांचा ढीग. काही टोचलेले, काही अख्खे. कोंबडी एवढी माजली होती की उठायला कंटाळत होती.

"नातीचं रक्त वाढो ना वाढो," सुगंधाबाई म्हणाली, "कोंबडीचं बाकी लई वाढलं."

लटारूभाऊ त्या दिवशी पारावर गेले नाहीत. दुपारी चंचल घरी आली, तिनं कोंबडी पाहिली, टोपलं पाहिलं, सासऱ्याकडं पाहिलं. रात्री तिनं दिव्यानीचे दोन फ्राक धुवून वाळत घातले आणि सकाळी घडी करून आपल्या पिशवीत ठेवले. त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

पौष लागायच्या आधी गुणवंतरावाच्या खळ्यावर रास झाली. धान चुरून, उफणून त्याचा ढीग लागला की पूजा करायची, वड्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मग राबलेल्या सगळ्यांनी तिथंच जेवायचं, अशी रीत. एवढ्या कामाला केटरिंगवाले कोण बोलावतो? लटारूभाऊंनी खळ्याच्या कडेला भट्टी खणली. डाळ वाटून झाली आणि गुणवंतराव डोकं खाजवत आला.

"लटारूभौ, मानसं वाढली गा. पलीकडचे मजूरबी इथंच जेवतो म्हंतेत."

"डाळ हाय अजून?"

"डाळ नाई. कोहळं हाय. बांधावर मुनगा हाय, पालक हाय."

"आन मंग. जे हिरवं-पिवळं दिसन ते आन."

आचाऱ्याला वाण भरून काढता आलं पाहिजे. कोहळं म्हणजे लाल भोपळा, तो किसून, पिळून डाळीत घातला. पालक, मुनगा बारीक चिरून घातला. वडे जरा मऊ झाले, पण रंग असा आला की लांबून सोन्यासारखे दिसावेत. पहिला घाणा निघाला. एक वडा विस्तवाला गेला, बाकीचे पानाखाली. आणि हो, पोट्टी आलीच. सगळ्यांच्या पुढं विक्की, शेजारच्या घरचा, तिसरीतला. त्याच्या मागं सात-आठ जण.

"ए! पळा! देवाचा घाणा हाय!"

पोट्टी चार पावलं मागं, पुन्हा तीन पावलं पुढं. लटारूभाऊंनी झारा उगारला. विक्की उजवीकडून आला, लटारूभाऊ उजवीकडं धावले. तेवढ्यात डावीकडून एक लहान हात दुसऱ्या घाण्याच्या परातीत गेला. लटारूभाऊ गर्रकन वळले, "कोन हाय रे थो!" म्हणून दोन उड्या मारल्या आणि थांबले.

धानाच्या ढिगाआड दिव्यानी बसली होती. एक वडा तोंडात, एक फ्राकाच्या ओच्यात, गाल फुगलेले. आजोबाला पाहून ती घाबरली नाही. तोंड भरलेलं असतानाच खदाखदा हसली आणि पळाली. पळता पळता ओच्यातला दुसरा वडाही तिनं तोंडात कोंबला. कोहळ्याचा, मुनग्याचा, पालकाचा.

झारा हातात तसाच. मागून गुणवंतराव ओरडला, "भौ, घाणा जळून राह्यला!" चाळीस वर्षांत लटारूभाऊंचा घाणा पहिल्यांदाच जळला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला लटारूभाऊंनी अंगणात विटा मांडून लहानशी कढई चढवली. सुगंधाबाई दारात येऊन उभी राहिली.

"आता काय?"

"देवाचा घाणा."

"आज कोन्ता देव?"

"तू आत जा. अन् मी वरडलो का मधात येऊ नोको."

पोट्टी शाळेतून आली. लटारूभाऊ कढईपुढं बसले होते, बाजूला परातीत वडे, वर पान. दिव्यानी पायरीवर उभी राहिली. लटारूभाऊंनी तिच्याकडं पाहिलंच नाही. कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "दूर राह्यजा. देवाचे हायत." मग उठले, पाठ फिरवली आणि सरपण निवडत बसले. किती वेळ सरपण निवडणार माणूस? पण निवडलं. मागं पान खडखडलं. तरी थांबले. मग एकदम वळून, "अरे चोर! पकडा!" करत कुंपणापर्यंत धावले. दिव्यानी आणि विक्की फाटकातून बाहेर. रस्त्यावर खिदळणं.

सुगंधाबाईनं सगळं खिडकीतून पाहिलं. ती बाहेर आली तेव्हा हसत नव्हती.

"देवाच्या नावानं खोटं बोलून राह्यले तुम्ही."

ही गोष्ट लटारूभाऊंच्या मनाला लागली. पत्रूबुवा आठवला असणार. त्या दिवसापासून त्यांनी खोटं सोडलं. रोज पहिला वडा खरंच विस्तवाला, पाच वडे खरंच पानावर घेऊन मारुतीच्या देवळात. परत आले की परात पोट्ट्यांसाठी मोकळी. पण ओरडणं तेच. देवाचा वाटा झालेला असल्यामुळं आता त्यांना चाखायलाही हरकत नव्हती. पंगत उठेपर्यंत वाफेनंच पोट भरत असल्यामुळं स्वतःचा वडा त्यांनी कधी खाल्लाच नव्हता. आता पहिल्यांदा गरम वडा तोंडात टाकला आणि डोळ्यांत पाणी आलं.

"अरे बापा! इतला तिखट?"

"तिखटच असते तुमचं," सुगंधाबाई म्हणाली. "सारी दुनिया बोंबलते."

"मंग मले कोनी सांगतलं काऊन नाई?"

"आचाऱ्याले कोन सांगन? लोक पानी पेत अन् चूप राहात."

तिखट कमी झालं. आणखीही बरंच बदललं, कारण आता वडा पानात वाढायचा नव्हता, चोरायचा होता. लग्नातला वडा तळहाताएवढा, तो लहान मुठीत लपत नाही. म्हणून बोरापेक्षा थोडा मोठा केला. तेल ओथंबलं तर फ्राकाला डाग पडतो आणि चोरी पकडली जाते, म्हणून कढई उतरवून तवा घेतला, थेंबभर तेलावर दोन्ही बाजूंनी खरपूस. पळताना फुटू नये म्हणून तांदळाचं पीठ. गाजर किसून, पत्ताकोबी बारीक चिरून, पालक, मुनगा, बाजारात जे मिळेल ते. पोट्ट्यांना पाहायला सवडच नसायची. मुठीतलं तोंडात टाकून पळायचं, मग हिरवं काय आणि पिवळं काय!

एकच गोम होती. दुपारी मूठमूठ वडे खाल्लेली पोरगी रात्री ताटावर बसायची आणि दोन घासांत उठायची. चंचल कापूस वेचून थकून यायची, तिला एवढंच दिसायचं.

"पाहा," ती गोपालला म्हणायची. "आजबी नाई खाल्लं."

लटारूभाऊ खाली मान घालून जेवायचे. सुगंधाबाई अंथरुणावर त्यांना म्हणाली, "सांगून टाका ना सुनेले."

"काय सांगू? का आजा नातीले चोरी शिकवून राह्यला?"

"मंग पोरगी जाईन."

"सांगतलं का ते कवतिकानं पाहाले येईन, 'खा माय, खा माय' करन. थेट कोंबडीच्या टोपल्यात जाईन सारं."

संक्रांत आली आणि गेली. चंचलनं काही विचारलं नाही आणि लटारूभाऊंनी सांगितलं नाही. दोन दिवसांनी मुकादमाची गाडी येणार होती.

गाडी सकाळी येणार म्हणून लटारूभाऊ पहाटेच उठले. चुलीजवळ नाही, अंगणात विटांवर तवा ठेवला. प्रवासाला निघालेल्याला शिदोरी द्यावी लागते, त्यात कुणाला शंका येण्यासारखं काही नव्हतं. पहिला वडा विस्तवाला दिला. बाकीचे पळसाच्या पानावर रचले, वर दुसरं पान झाकलं. चंचल पिशव्या बांधत होती. दिव्यानीला नवा फ्राक घातला होता, केसांना तेल लावून दोन वेण्या घातल्या होत्या. ती पायरीवर बसून गाडीची वाट पाहत होती, चेहरा असा की कुठं चाललोय ते तिला कळलंय आणि कळलेलंही नाही.

"दिव्यानी," चंचलनं हाक मारली, "रस्त्यात भूक लागन. काही खाऊन घे."

"भूक नाई."

"पाहा मामाजी," चंचल म्हणाली. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "अशी हाय हे."

लटारूभाऊ उठले. सुनेकडं पाहिलं नाही. कपाळाला आठ्या घातल्या आणि आवाज चढवला.

"हे वडे गाडीवाल्यायचे हायत! वाटेचे! कोनी हात लावाचा नाई! दिव्यानी, तुले सांगून राह्यलो! दूर राह्यजा!"

आणि पाठ फिरवून सरपण निवडायला लागले.

चंचल चकित झाली. सासरे पोरीवर कधी ओरडत नसत. ती काही बोलणार तेवढ्यात सुगंधाबाईनं तिचा हात दाबला. पायरीवरची पोरगी उठली. नव्या फ्राकासह वाकली, पानाखाली हात घातला. एक वडा तोंडात, एक मुठीत, अजून एक तोंडात. फाटकाबाहेरून विक्कीनं शीळ घातली.

"अरे चोर!" लटारूभाऊ वळले. पोरगी फाटकाकडं पळाली.

चंचल तिथंच उभी. मग तिनं खाली वाकून एक वडा उचलला, मोडला. आत हिरवं होतं, केशरी होतं.

"मुनगा हाय हा?"

"अन् गाजर," लटारूभाऊ म्हणाले.

"हे खाते? कवापासून?"

"रास झाली तवापासून. रोज."

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

सुगंधाबाईच म्हणाली, "सांगाची गोष्ट नाई थे. तूच देऊन पाह्य."

चंचलनं वडा घेतला आणि फाटकापाशी गेली. दिव्यानीपुढं बसली, गालावरून हात फिरवला.

"घे, माय. माह्या हातचा एक घे."

दिव्यानीनं मान हलवली. "भूक नाई."

चंचलचा हात तसाच पुढं राहिला. लटारूभाऊंना वाटलं, आता हिच्या डोळ्यांना पाणी येणार. रस्त्याच्या वळणावर गाडीचा हॉर्न वाजला. गोपाल पिशव्या उचलायला आला आणि बायको अशी का बसलीय ते त्याला कळेना.

चंचल उठली. वडा परत पानावर नेऊन ठेवला, पान झाकलं, कमरेवर हात ठेवले आणि आवाज काढला, तो असा की शेजारची कुत्री भुंकली.

"माह्या वाटेचे हायत हे! कोनी हात लावला तं पाह्यजा! मंग मी मिरची तोडता तोडता काय खाऊ?"

आणि तिनं पाठ फिरवली. तोंड भिंतीकडं, खांदे हलत होते. रडत होती का हसत होती, ते मागून कळत नव्हतं. फाटक करकरलं, पान खडखडलं. एकदा, दोनदा. मग पळणारी पावलं.

चंचल वळली तेव्हा पानावर चार वडे कमी होते. तिनं पिशवीची गाठ सोडली, घडी केलेले फ्राक बाहेर काढले आणि ओट्यावर ठेवले.

"मामाजी, तिखट कमीच राहू द्या," एवढंच म्हणाली, आणि उरलेले वडे पानात गुंडाळून गाडीत बसली.

आता दुपारी शाळा सुटते तेव्हा तेलंगणातल्या त्या मिरचीच्या शेतात जेवणाची सुट्टी असते. सुगंधाबाई मोबाईलचा आवाज मोठा करून तो परातीशेजारी विटेला टेकवून ठेवते. लटारूभाऊ सरपण निवडत असतात. अंगणात मोबाईल कडाडतो,

"ए दिव्यानी! मी तिकडं आली का माह्या वाटेचे पुरे मोजीन हं! हात नोको लावू म्हनलं ना!"

"नाई लावत!" दिव्यानी ओरडून सांगते. तोंड भरलेलं असल्यामुळं तिकडं नीट ऐकू जात नाही.